शेवया लाटणारा फळा आणि पाठमोरा थांबा

मित्रांनो, माझ्या एका बाजूला टाचण्यांची भोकं आहेत आणि दुसऱ्या बाजूला लाटण्याचे घट्टे. तेवढ्यावरून मला ओळखणं कठीणच, म्हणून मीच सांगतो. मी एक जुना लाकडी फळा आहे, नकाशे काढायचा.

नारीन शहरातल्या एका सुताराने मला पाइनच्या फळ्या जोडून घडवलं. तिथल्या बांधकाम कचेरीत ओरोझबेक नावाच्या तरुणाच्या टेबलावर मी पस्तीस वर्षं काढली. शाळा, पूल, दवाखाने आधी माझ्या पाठीवर उभे राहायचे आणि मग जमिनीवर. "असा फळा साऱ्या नारीनमध्ये नाही," असं ओरोझबेक म्हणायचा. मला मोठा अभिमान वाटायचा.

पुढे कचेरीत संगणक आले. ओरोझबेक निवृत्त झाला आणि मला गावी घेऊन आला. त्याच्या बायकोने, उलकानने, मला उलटं केलं, खसाखसा घासलं आणि माझ्यावर शेवयांची कणीक लाटायला घेतली. खरं सांगतो, मी फार रुसलो. पुलांची सवय असलेल्याच्या नशिबी शेवया! पण स्वयंपाकघरात ऊब होती, माणसं मायाळू होती. तिथे रुसून रुसणार तरी किती दिवस?

त्यांची नात बेगायिम दहावीत गेली, त्या वर्षी जिल्ह्याने मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. आपल्या गावासाठी बसथांब्याचा आराखडा करायचा. पहिला येईल तो थांबा हिवाळ्याआधी खरोखर बांधून मिळणार होता.

आमच्या गावात थांबा नव्हताच. ओरोझबेक दर गुरुवारी जुन्या मित्राशी बुद्धिबळ खेळायला नारीनला जायचा. आदल्या हिवाळ्यात गाडीची वाट बघताना तो बर्फावर घसरून पडला आणि त्याचं जाणंच बंद झालं. पटाची पेटी कपाटावर धूळ खात पडली. बेगायिमला ते बघवत नव्हतं. तिने मला स्वयंपाकघरातून ओढून काढलं, माझ्या कडेला पेन्सिलीने रस्ता आखला आणि त्याला लागून पुठ्ठ्याचा थांबा उभा केला. दार रस्त्याकडे. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची मानाची जागा दारासमोर, सर्वांत आत असते. तिथे तिने आजोबांचं बाकडं ठेवलं.

मग अंगणात खुर्च्या मांडून तालीम झाली. आजोबा मानाच्या जागी बसले. उलकान झाली गाडीची ड्रायव्हर, हातात स्वयंपाकघरातला डाव घेऊन.

"नारीन! नारीन! चला लवकर!"

आजोबांनी काठी शोधली, अंगरखा सावरला, उठले, दारापर्यंत आले.

"अहो, गाडी नारीनला पोचून परत आली!" उलकान म्हणाली.

बेगायिमचा चेहरा उतरला. "आजोबा, तुम्हाला दाराशीच बसवू का?"

"दाराशी?" उलकान कडाडली. "तिथे बूट ठेवतात! गाव तोंडात शेण घालेल आपल्या!"

स्पर्धेला दोनच दिवस उरले होते. बेगायिम गाल फुगवून कोपऱ्यात बसली. उलकानला मात्र संध्याकाळच्या शेवयांची काळजी. तिने पुठ्ठ्याचा थांबा अलगद उचलून बाजूला ठेवला, मला उलटं करून शेवया लाटल्या, पुसलं, पुन्हा सुलटं केलं आणि थांबा होता तिथे परत ठेवला. फक्त उलट्या तोंडाने. दार डोंगराकडे आणि पाठ रस्त्याकडे.

"आजी, चुकीचं ठेवलंस गं!" बेगायिमने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. मानाची जागा आता अगदी रस्त्याला टेकली होती! तिने कात्री घेतली आणि बाकड्याशेजारच्या भिंतीत आणखी एक दार कापलं. यायचं डोंगराकडून, जायचं रस्त्याकडे.

स्पर्धेला ती मलाही थांब्यासकट घेऊन गेली आणि तिने आजोबांची अडचण सांगितली. उंच टोपीवाल्या वयस्कर परीक्षकांनी माझ्या फटीवरून बोट फिरवलं.

"हे काय, पीठ? आणि रस्त्याकडे पाठ केलेला थांबा! आजोबांना सरळ दाराशी बसवायचं की, पोरी."

"बसवलं असतं, तर तुम्हीच मला इथून हाकललं असतं," बेगायिम म्हणाली.

परीक्षक टोपी काढून असे हसले की सगळं सभागृह हसू लागलं. पहिला नंबर आमचाच आला.

बर्फ पडायच्या आत थांबा उभा राहिला. पहिल्या गुरुवारी ओरोझबेक पटाची पेटी काखेत घेऊन मानाच्या जागी बसला आणि गाडी येताच सर्वांत आधी चढला. संध्याकाळी तिन्ही डाव हरून परतला. इतका आनंदाने हरलेला माणूस मी पाहिला नाही.

मी पुन्हा स्वयंपाकघरात आलो आहे. आता रुसवा नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात टाकलेलं, कुणाच्या कामाचं नसलेलं काही असेल. फेकण्याआधी त्याला एकदा उलटं करून बघा. आणि बघून झालं की जरा पुसून ठेवा, एवढंच मागणं आहे.