भुताच्या सिनेमातली खरी किंकाळी

मित्रांनो, भिंतीवर चित्रे उमटवणारा एक म्हातारा प्रोजेक्टर तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या काचेवर एक बारीक तडा आहे. त्यामुळे मी दाखवलेल्या प्रत्येक चित्रात वरून खाली एक काळी रेघ दिसते. ती रेघ कशी आली ते सांगतो. सांगताना आजही माझ्या पोटातला पंखा जोरात फिरू लागतो.

कारखान्यातून खोक्यात बसून मी आलो तो थेट पेणजवळच्या हमरापूरला. तिथे दिनेश नावाच्या मूर्तिकाराची गणपतीची कार्यशाळा होती. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे फार नाजूक काम. नवीन कारागीर मुलींना ते नीट दिसावे म्हणून दिनेश माझ्यातून गणपतीचे डोळे भिंतभर मोठे करून दाखवायचा. मुली हातात बारीक ब्रश घेऊन त्या भिंतीकडे टक लावून बघत बसत. रंगाच्या वासात आणि त्या शांत डोळ्यांसमोर माझी पहिली वर्षे सुखात गेली. "याच्यामुळं माझ्या पोरींचा हात बसला," असे दिनेश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

पुढे त्याने नवा, मोठा टीव्ही घेतला आणि मला रोह्याच्या हर्षदला विकून टाकले.

वरसे गावाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला हर्षदचे फार्महाउस होते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक तिथे राहायला येत. हर्षद माणूस वाईट नव्हता, हौशी होता. ऑक्टोबरच्या शेवटी परदेशात हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण करतात, तो आपणही करायचा असे त्याच्या मनाने घेतले. दरवर्षी त्या संध्याकाळी तो अंगणात भीतीचे सिनेमे लावी आणि प्रत्येक सिनेमाला जोडीची बियर निवडी. ही बियर साधी नव्हे. लहान कारखान्यात, थोडी थोडी, वेगवेगळ्या चवीची बनवलेली. मोठ्या माणसांचेच ते पेय, पण गोष्टीला त्याची गरज आहे म्हणून सांगतो.

"पडद्यावर धुकं असेल तर ग्लासात धूर पाहिजे," असे हर्षद म्हणे. म्हणून पछाडलेल्या बंगल्याच्या सिनेमाबरोबर तो भाजक्या जवाची काळी, धुरकट बियर देई. रक्त पिणाऱ्या सरदाराच्या सिनेमाला कोकम घातलेली लालभडक, आंबट बियर. जंगलात माणसे मारत फिरणाऱ्या खुन्याच्या सिनेमाला सगळ्यांत कडू. पाहुणे एक घोट घेत, एकदा किंचाळत आणि मग हसत सुटत.

मला मात्र हसू येत नसे. ती सगळी भुते माझ्याच दिव्यातून बाहेर पडायची. मी भित्रा आहे, मित्रांनो. हमरापूरच्या त्या शांत डोळ्यांची सवय झालेला मी, समोरच्या पडद्यावर सुरा उगारला गेला की थरथरायचो. पण प्रोजेक्टरला डोळे मिटता येत नाहीत.

फार्महाउसची राखण सखा आणि बायजा करत. ते जवळच्या कातकरी वाडीतले नवरा-बायको. सजावटीसाठी हर्षदने लाल भोपळे कोरायला दिले, तेव्हा बायजा हर्षदच्या बायकोला, नमिताला म्हणाली, "भाजीचा भोपला ह्यो, वैनी. त्याला दात कशाला?" नमिता खूप हसली. ती धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी विभागात नोकरीला होती. त्या दिवशी शिफ्ट संपवून ती उशिरा येणार होती.

त्या वर्षी हर्षदने एक नवीन सोय केली होती. बियरची पिंपे गार राहावीत म्हणून अंगणाच्या कडेची, चार पायऱ्या खाली असलेली जुनी कोठीची खोली त्याने चारी बाजूंनी बंद करून घेतली. खिडकी बुजवली. दाराला रबर लावले. आत गारवा देणारे यंत्र बसवले. पिंपातली बियर वर ढकलायला लागणारे कार्बन डायऑक्साइड गॅसचे सिलिंडरही आतच ठेवले. माझा पडदा त्याच खोलीच्या भिंतीवर टांगला होता. पडद्याशेजारचे ते दार मला समोरच दिसत होते.

अंधार पडला. अंगण पाहुण्यांनी भरले. खुन्याचा सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात कडू बियरचे पिंप संपले.

"सखादादा, दुसरं पिंप जोडून ये रे," हर्षद म्हणाला.

"व्हय," म्हणून सखा दार उघडून खाली उतरला. दार त्याच्यामागे आपोआप मिटले.

पडद्यावर एक बाई जंगलातून धावत होती. मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी त्या दाराकडे बघत होतो. सखा बाहेर येईना. पिंप जोडायला इतका वेळ त्याला कधी लागत नसे. पाहुणे ग्लास पुढे करून थांबले होते. मला ओरडायचे होते, पण माझ्यातून आवाज येत होता तो फक्त त्या खुन्याच्या बुटांचा.

शेवटी बायजा त्याला बघायला गेली. तिने दार उघडले, दोन पायऱ्या उतरली आणि भेलकांडत, भिंतीला धरून परत वर आली. मग ती किंचाळली.

नेमकी त्याच क्षणी पडद्यावरची बाईही किंचाळली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! खरी नटी ठेवलीय राव!" कुणीतरी म्हणाले. बायजा धावत पडद्यासमोर आली. माझा सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिच्या लुगड्यावर खुन्याचा सुरा हलत होता.

"माझा मानूस पडलाय! उठत नाय तो! धावा कुनी!" ती ओरडत होती.

लोक हसत होते. एकाने तिचा व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला. हर्षद लांब, भोपळ्यांपाशी पाहुण्यांशी बोलत होता. त्यालाही तो सिनेमाचाच आवाज वाटला. मित्रांनो, इतकी भीती मला कोणत्याही भुताची वाटली नव्हती. तिचा आवाज बुडवणारा आवाज माझा होता, आणि मला गप्प बसता येत नव्हते.

बायजाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती धावत आली आणि माझी वायर धरून तिने सगळा जीव एकवटून ओढली. मी टेबलावरून फरशीवर आदळलो. काच तडकली. दिवा गेला, आवाज गेला. त्या काळोखात फक्त बायजाचा आवाज उरला.

"सखा खाली पडलाय! मरतोय तो!"

आता कुणी हसले नाही. हर्षद धावत दारापाशी आला. मोबाइलच्या उजेडात शेवटच्या पायरीशी पालथा पडलेला सखा दिसला. हर्षद उडी घेणार, इतक्यात मागून त्याचा सदरा कुणीतरी घट्ट धरला. नमिता होती. नुकतीच फाटकातून आत आली होती ती.

"उतरू नको! सिलिंडर गळत असणार आत."

"वास कुठं येतोय? सोड मला!"

"ह्या गॅसला वास नसतो, हर्षद! बंद खोलीत साचला की श्वासाला हवाच उरत नाही. तू गेलास तर तूही तिथंच पडशील. आंब्याची आकडी आण. आणि तो मोठा पंखा दारात लावा, लवकर!"

पाहुण्यांनी पंखा ओढत आणला आणि दाराशी लावला. आकडी म्हणजे आंबे उतरवायचा लांब बांबू, टोकाला लोखंडी हूक असलेला. हर्षदला हूक काही अडकवता येईना. बायजाने त्याच्या हातातून बांबू घेतला, खाली वाकली आणि हूक सखाच्या पट्ट्यात अडकवला. "वढा," ती म्हणाली. सगळ्यांनी मिळून ओढले. सखाचे अंग पायरीवरून पायरीवर आपटत वर आले.

त्याचे ओठ निळे पडले होते. नमिता गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबू लागली, मध्येच तोंडाने श्वास देऊ लागली. अंगणात रातकिडे तेवढे ओरडत होते. बायजा नवऱ्याचे पाऊल घट्ट धरून बसली होती. एकदाची सखाच्या घशातून घरघर आली. मग खोकला. हर्षद तिथेच रडू लागला.

सखाला रोह्याच्या दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले. "बायजे, भाताची कापनी कुठवर आली गो?" हेच त्याचे पहिले शब्द. तो बरा झाला, पण बंद खोलीत पाऊल टाकायला आजही कचरतो. घरीसुद्धा दार उघडे ठेवूनच झोपतो. हर्षदने ती खोली पाडून टाकली. भुतांची संध्याकाळ तिथे पुन्हा झाली नाही.

मी बरेच महिने एका खोक्यात धूळ खात पडलो होतो. मग नमिताने मला पेणला नेऊन दुरुस्त करून आणले, काच तेवढी तडकलेलीच राहिली, आणि तुमच्या या वाडीच्या शाळेला दिले. आता मी तुम्हाला नद्या, पक्षी, ग्रहतारे दाखवतो. तुम्ही "भुताचा लावा!" म्हणून ओरडता, तेव्हा मी हादरतो. सिनेमातली भीती खोटी असते, तिची गंमत वाटते, हे मला कळते. जरूर बघा. फक्त एवढे करा: माझ्यावर धूळ साचू देऊ नका, माझी वायर हाताशी ठेवा आणि कुणी ओरडले तर हसण्याआधी माझा आवाज बंद करा.

मला स्वतःहून गप्प बसता येत नाही, मित्रांनो. ते बटण तुमच्याच हातात आहे.