कडक पाकीट

"दगड विकतोस होय रे?" नाम्बेवेबाईंनी पाकीट फळीवर आपटलं. ठक्क असा आवाज झाला आणि लिंबेच्या बाजारात मंदासीचे फुगीर वडे तळायला बसणाऱ्या साऱ्या बाया खो-खो हसल्या.

लायसन न्खोमाचा चेहरा मात्र पडला नाही. आज हसू देत की खुशाल! सकाळी सहालाच ट्रक आला होता. एकतीस वर्षं या माणसाने म्वांझाच्या सरहद्दीच्या नाक्यावर दुसऱ्यांच्या मालाचे कागद भरले. साबण, टायर, खत, काय वाट्टेल ते. मालकाच्या रकान्यात नाव नेहमी दुसऱ्याचं. आणि आता साठीला टेकल्यावर, नोकरी सुटताना मिळालेलं सगळं घालून, या पठ्ठ्याने बैरा बंदरातून स्वतःच्या नावावर यीस्ट आणवलं होतं. दोनशे खोकी! "जन्मात समुद्र पाहिला नाही आणि बोटीनं माल मागवतायत," असं महिनाभर टोचणारी त्याची बायको एस्नार्त आज चितेंजेचं नवं कापड कमरेला गुंडाळून हातगाडीपाशी ऐटीत उभी होती.

"अहो नाम्बेवेबाई, ते कडकच असतं. आतली हवा काढून घेतलेली असते," लायसन म्हणाला.

"तू मला शिकव आता! चाळीस वर्षं पीठ मळतेय मी. मीठ दमट झालं की त्याचा दगड होतो, साखरेचाही होतो. आणि तुझा ट्रक नऊ दिवस नाक्यावर उन्हात उभा होता, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

लायसनची नजर खोक्यांकडे गेली. नऊ दिवस, तेही ऑक्टोबरचं ऊन! यीस्ट म्हणजे जिवंत माल, उन्हाने मरायचा. घरी एक पाकीट फोडून पाहायला हवं होतं, पण त्याची हिंमतच झाली नव्हती. नाम्बेवेबाईंनी नाक मुरडलेला माल या बाजारात कुणी घेत नसे, आणि इथे खपला नाही तर दुसरा ट्रक आणायची त्याची ऐपत नव्हती.

तेवढ्यात फातसानी नावाची एक तरुण बाई खालच्या एका फाटक्या खोक्यात हात घालून ओरडली, "अगं बाई, हे बघा मऊ! ताजं!"

झालं! बाया तुटून पडल्या. जिच्या हाताला मऊ पाकीट लागेल ती ते छातीशी धरून दुसऱ्या हाताने नोटा नाचवू लागली. "काका, मला दोन!" "ए, ढकलू नकोस, मी आधी धरलंय!" एस्नार्तचे डोळे चकाकले. "अहो तादालाचे बाबा, बघत काय राहिलात? मऊ मागतायत तर मऊ द्या!"

लायसनने एक पाकीट दाबून पाहिलं. अंगठा सुखाने आत गेला. म्हणजे कुठेतरी शिवण उसवली, हवा शिरली, माल मेला. आता नुसतं तोंड मिटून राहायचं होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तो मिटून राहिलाही. मग त्याने फातसानीच्या हातातलं पाकीट ओढून घेतलं.

"हे विकायचं नाही."

"का म्हणून? मऊ मऊ हॉटेलवाल्यांना आणि दगड आम्हाला?"

"आमच्या नोटांना काय वास येतो?"

"अगं बायांनो, मेलंय ते!" लायसनचा आवाज चिरकला. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? दोन पेले आणा, कोमट पाणी आणा, साखर आणा!"

पाणी नाम्बेवेबाईंनीच आणलं. लायसन बोट घालून पाहू लागला तसा त्याचा हात त्यांनी झटकला. "तुला काय कळतंय त्यातलं? हो बाजूला." मनगटावर थेंब घेऊन त्यांनी मान डोलवली. एका पेल्यात कडक पाकिटातलं चमचाभर टाकलं, दुसऱ्यात मऊ पाकिटातलं.

ही गर्दी जमली! चांभार हातातला जोडा तसाच घेऊन आला, मिनीबसवाले गाड्या सोडून आले, पैजाही लागल्या. पाच मिनिटं झाली. दोन्ही पेल्यांत नुसतं मातकट पाणी. सात मिनिटं झाली, तरी काही नाही. कुणीतरी खुदकन हसलं. एस्नार्तने नवऱ्याची बाही घट्ट धरली. दोन्हींतलं यीस्ट मेलं असेल तर? लायसनला पेल्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"आला!" फातसानी किंचाळली. "बुडबुडा आला!"

कडक पाकिटाच्या पेल्यात एक आला, मग चार, मग मोजता येईनात. फेस वर चढला, काठाला लागला आणि फळीवर ओघळला. लायसनचा जीव भांड्यात पडला. बायांनी जिभा हलवून असा काही लुलुलु केला की कोंबडीवाल्याच्या कोंबड्या बिथरल्या. दुसरा पेला होता तसाच, गढूळ. नाम्बेवेबाई सत्तर वर्षांचं अंग हलवत नाचल्या आणि म्हणाल्या, "हरले गं बाई! आण रे तुझे दगड!"

मग काय विचारता! वरची खोकी हां हां म्हणता संपली. आता प्रत्येक बाई पाकीट दाबून घेत होती. लायसन ओरडत होता, "दाबून घ्या, ठक्क वाजलं पाहिजे!" एस्नार्त नोटा घेता घेता गाणं म्हणत होती.

लायसनने खालचं खोकं फोडलं.

"हे मऊ आहे, काका."

"दुसरं घे."

"हेही मऊ."

पुढच्या खोक्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. ट्रकवाल्याने नाक्यावर वरकमाईसाठी कुणाच्या तरी सिमेंटच्या गोणी वर रचल्या होत्या. खालच्या खोक्यांचा पार चेंदामेंदा झाला होता. सकाळी आनंदाच्या भरात लायसनने वरचीच खोकी पाहिली होती. बायांचे अंगठे भराभर चालत होते. मऊ, मऊ, मऊ.

एस्नार्तचं गाणं थांबलं. "कशाला शिकवलंत त्यांना?" ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

लायसन खाली मांडी घालून बसला, रिकामी गोणी ओढली आणि मऊ पाकिटं स्वतःच तीत टाकू लागला. बायांपेक्षाही त्याचा हात भरभर चालत होता.

फातसानी एक पाकीट घेऊन त्याच्यासमोर वाकली. "काका, हे जरा कडक लागतंय. मला चालेल. घेते मी."

त्याने दाबलं. जरासंच दबलं, अगदी जरासं. "नको पोरी," तो म्हणाला, "उद्या तुझं पीठ बसेल." आणि ते पाकीटही गोणीत गेलं.

नाम्बेवेबाई बराच वेळ बघत होत्या. मग गुडघे धरत त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि एक खोकं आपल्याकडे ओढलं.

"पुढचा ट्रक कधी आणतोस रे?"

"जूनमध्ये," लायसन म्हणाला. "आपल्याकडे थंडी पडते तेव्हा आणेन."

"आण. मी बाकीच्यांना सांगून ठेवते." त्यांनी एक पाकीट दाबलं, त्याने एक दाबलं. दोन्ही मऊ होती.