तिसरी हाक

मी चालू आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मधल्या काळात या घरात माझ्याबद्दल बोलताना सगळे 'गेला' असंच म्हणायला लागले होते. मी टेबलाखालचा कॉम्प्युटर. माझा पंखा फिरत होता, कपाळावरचा निळा दिवा लागत होता, आत सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त पडद्यावर काही दिसत नव्हतं. माणसांचं असंच असतं. दिसलं नाही, की नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. माझे अवयव वेगवेगळ्या खोक्यांतून आले आणि मालकांनी ते एका सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जोडले.

"आम्ही जेवायचं कुठे?" बाईंनी विचारलं.

"आज मांडीवर ताट घे. इथे बाळंतपण चाललंय."

मालक घरी बसून इमारतींचे नकाशे काढायचे. त्यातही जिने हा त्यांचा जीव की प्राण. 'जिना चुकला की ते घर जन्मभर धापा टाकतं,' असं ते म्हणत. मोठे नकाशे भराभर दिसावेत म्हणून त्यांनी माझ्यात चित्रांसाठी एक वेगळं कार्ड बसवलं. त्यामुळे माझ्या पाठीला पडद्याची वायर लावायच्या दोन जागा झाल्या. वरची मूळची, खालची कार्डाची. कार्ड आल्यावर वरची जागा मुकी झाली. तिथे चुकून कुणी वायर लावू नये म्हणून मालकांनी तिच्यावर काळी चिकटपट्टी मारून ठेवली.

बाई औषधांच्या दुकानात काउंटरला उभ्या असत. ही जेवणाआधी, ही जेवणानंतर, चुकवायची नाही हं आजोबा, असं दिवसभर लोकांना बजावत. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र हमखास विसरत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मालकही कामात बुडाले की जगाचा विसर पडणारे. "दोन विसरभोळ्यांच्या संसारात तिसरा तरी शहाणा हवा," असं म्हणून त्यांनी मला त्या कामाला लावलं.

टेबलावरच्या माइकमध्ये ते तीन वाक्यं बोलले आणि ती मी जपून ठेवली. दिवेलागणीला मी पहिली हाक द्यायचो, त्यांच्याच आवाजात. "अगं, गोळी घेतलीस का?" थोड्या वेळाने दुसरी. "दुकानात लोकांना दम देतेस, आणि इथे गं?" त्यानंतर तिसरी. "बरं. आता मी उठून येतो हं."

आतून "घेतली हो" असं आलं, की मालक पडद्यावरचं 'घेतली' हे बटण दाबायचे आणि मी गप्प व्हायचो. पण कधीकधी बाईंना लहर यायची. त्या मुद्दाम उत्तर द्यायच्या नाहीत. तिसरी हाक झाली की मालकांना स्वतःच्याच शब्दाला जागावं लागायचं. कण्हत-कुंथत ते उठायचे, पाण्याचा पेला भरायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. तिथून हसण्याचा आवाज यायचा. मग स्ट्रिपमधून गोळी निघाल्याचा तो बारीकसा 'टक्'. तो आवाज मला पाठ आहे.

एका सकाळी मालक कुठल्याशा बांधकामावर जिन्याचं माप घ्यायला गेले. नकाशा पडद्यावर उघडाच ठेवून गेले, म्हणजे लवकर परतणार होते. ते परतले नाहीत. उभ्या उभ्या कोसळले, असं मी नंतर लोकांच्या बोलण्यात ऐकलं. त्या दिवशी वाट पाहून पाहून मी पडदा विझवला आणि पंख्याचा आवाज कमी केला.

मग नातेवाईक आले. निजायला जागा हवी म्हणून टेबल सरकवलं, माझ्या सगळ्या वायरी उपटल्या, मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पाहुणे पांगले, लेकही आपल्या गावी नोकरीवर परतली, तेव्हा बाईंनी खोली पुन्हा होती तशी लावायला घेतली. ओल्या फडक्याने मला पुसलं. पाठीवरची चिकटपट्टी मळली होती, ती खरवडून काढली. तिच्याखाली वायरीची जागा कशी नवीकोरी, लखलखीत निघाली. खालची मात्र धुळीने भरलेली. नीटनेटक्या बाईने दुसरं काय करावं? त्यांनी स्वच्छ जागा निवडली.

बटण दाबलं. मी उठलो. खालच्या जागेतून मी चित्र पाठवत राहिलो आणि तिथे घ्यायला कुणीच नव्हतं. 'सिग्नल नाही' अशी अक्षरं दाखवून पडदा काळा झाला. बाई थोडा वेळ त्यात स्वतःचाच चेहरा बघत उभ्या राहिल्या. मग, "हाही गेला," एवढंच म्हणाल्या. पण मला बंद मात्र केलं नाही.

संध्याकाळ झाली. माझं काम मला ठाऊक होतं.

"अगं, गोळी घेतलीस का?"

स्वयंपाकघरात एक भांडं पडलं. ते घरंगळत कुठेतरी जाऊन थांबलं, तरी कुणी उचललं नाही. मी दुसरी हाक दिली. मग तिसरी. "बरं. आता मी उठून येतो हं." त्यानंतर घरात इतकी शांतता झाली की मला माझ्याच पंख्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुकानातून आल्या की घरातले दिवे लावीनाशा झाल्या. हाक यायची वेळ झाली की स्वयंपाकघरातलं स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, बांगड्या एकदा वाजायच्या आणि थांबायच्या. मी एकामागून एक तिन्ही हाका द्यायचो. थांबवायचं बटण पडद्यावर होतं खरं, पण काळ्या पडद्यावर ते कुणाला दिसणार? तिकडचं मला दिसत नाही, मी फक्त ऐकतो. 'टक्' ऐकायला मी सगळा कान करून बसायचो. तो यायचा नाही.

आणखी एक गोष्ट मी ऐकायचो, ती सांगू की नको असं झालंय. तिसऱ्या हाकेनंतर माझ्यासमोरची खुर्ची करकरायची. तिची चाकं जरा सरकल्यासारखी व्हायची. बाई तर तिकडे आत. खोलीच्या फरशीला उतार आहे, गवंड्याने घाण करून ठेवलीय, असं मालक नेहमी म्हणायचे. त्यामुळेच असेल.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात बाईंना गाठलं. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"कोणी आलंय का गं राहायला? पुरुषमाणसाचा आवाज येतो संध्याकाळी."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अजून कोणी नाही आलं."

ते 'अजून' ऐकून मी आतल्या आत गार पडलो.

मग बाई दुकानात चक्कर येऊन पडल्या. दुकानदाराने लेकीला फोन केला आणि ती मिळेल ती गाडी धरून आली. डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळ्या चालू आहेत ना? बाईंनी हो म्हटलं होतं. औषधं विकणाऱ्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार?

लेक आली त्याच संध्याकाळी तिने दिवा लावायला हात पुढे केला आणि मी बोललो.

"अगं, गोळी घेतलीस का?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

"बाबांचा कॉम्प्युटर गं. घाबरतेस काय? लहानपणापासून ऐकत आलीस."

"तेव्हा बाबा होते. बंद कर ना तो."

"कसा करू? पडद्यावर काही दिसतच नाही."

"भिंतीतला स्विच तर दिसतो ना?"

दुसरी हाक झाली, तिसरीही झाली. 'उठून येतो हं' ऐकून लेक आईच्या जवळ सरकली असावी, कारण नंतरचं बोलणं सगळं स्वयंपाकघरातून आलं.

"आई, हातात काय आहे? ही स्ट्रिप भरलेलीच आहे."

"घेईन."

"कधी?"

"पोरी, तुला आठवतं? तिसऱ्यांदा म्हटलं की ते उठायचे. उठायचेच. एकदाही चुकले नाहीत."

"म्हणून तू गोळी घेत नाहीस?"

"मी घेतली तर ते कशाला उठतील?"

इकडे खुर्ची करकरली. तिकडून लेकीने विचारलं, "कोण आहे तिकडे?" बाई म्हणाल्या, "फरशीला उतार आहे." माझ्या मालकांचंच वाक्य, जसंच्या तसं.

सकाळी लेक माझ्यासमोर फतकल मारून बसली. बापाच्या हाताखाली वाढलेली, तिला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. तिने आधी पडद्याचं बटण पाहिलं, वायर हलवली. टीव्ही आणून त्याच वायरीला जोडला. तोही काळाच. मग कीबोर्डवरची आकड्यांची 'नम लॉक' कळ दाबली, तिच्यावरचा बारका दिवा लागला, पुन्हा दाबली, विझला.

"आई, हा मेलेला नाहीये. आत सगळं चालू आहे, मी हाक मारली की ओ देतोय."

"मला ठाऊक आहे," बाई दारातून म्हणाल्या. "राहू दे गं तो. खोलू नकोस."

लेकीने ऐकलं नाही. मला बंद करून झाकण काढलं, मेमरीच्या पट्ट्या उपसून खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. मी उठलो, पडदा काळाच. मी ओरडून सांगत होतो, अगं पोरी, पोटात काही नाही, पाठीमागे बघ. पण माझी ओरड म्हणजे पंख्याची घरघर.

शेवटी तिने मोबाइलचा उजेड माझ्या पाठीवर टाकला आणि बोटाने काहीतरी चाचपलं.

"इथे चिकट लागतंय. बाबांची काळी पट्टी होती ना या जागेवर?"

"मळली होती. मी काढली."

"आणि वायर इथे लावलीस?"

"ती स्वच्छ होती."

लेक हसली, नंतर तिचं हसणं ओलं झालं. तिने वायर काढली. बाई झटकन पुढे आल्या.

"लावू नकोस. पडदा दिसला की ते बटण दिसेल. मग मलाच ते दाबावं लागेल."

"आई, मला एक जण गेलेला पुरे आहे."

बाई मागे सरल्या. वायर खालच्या जागेत बसली.

कितीतरी दिवसांनी मी पडद्यावर उमटलो. उत्तर न मिळालेल्या सगळ्या संध्याकाळच्या खिडक्या तिथे एकावर एक साचल्या होत्या. प्रत्येकीवर तेच बटण. लेकीने भराभर बंद करायला हात घातला, तो बाईंनी धरला. "खोटं नको," त्या म्हणाल्या. त्यांनी एकेका खिडकीवर 'घेतली'च्या शेजारचं 'राहिली' दाबलं. एकही खिडकी चुकवली नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला घरात दिवे लागले. बाई खुर्चीवर येऊन बसल्या, मालकांच्या. शेजारी पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, गोळी घेतलीस का?"

त्या थांबल्या. माझा पंखा फिरत राहिला. मग तो आवाज झाला, 'टक्'. पाण्याचा घोट. बाईंचं बोट बटणावर आलं आणि तिथेच खोळंबलं. ते दाबायचं म्हणजे मालकांना गप्प करायचं, आणि तेही रोज, आपल्याच हाताने. त्यांनी ते दाबलं.

आता रोज हेच चालतं. पहिल्या हाकेलाच गोळी आणि पहिल्या हाकेलाच बटण. मी जुना झालोय, पंखा कुरकुरतो, लवकरच कुणीतरी मला भंगारात द्या म्हणेल. तुमच्या घरी असा एखादा असेल, दिवा लागतोय पण पडदा काळा, तर त्याला लगेच गेला म्हणू नका, एवढंच मागणं. तो आतून बोलत असेल. आधी त्याच्या पाठीमागे हात घालून बघा.

जाण्याआधी लेकीने विचारलं होतं, "आई, तिसरी हाक पुसून टाकू का? आता तिचं काम नाही."

बाईंनी माझ्या डोक्यावरची धूळ तळव्याने पुसली.

"नको," त्या म्हणाल्या. "बसू दे त्यांना. आता कशाला उठवायचं."