भंडाऱ्याची आण

गणपुल्यांनी छापलं ते खरं होतं, हीच तर पंचाईत झाली. खोटं छापलं असतं तर मुकादम हसून मोकळा झाला असता.

पुण्याच्या एका साप्ताहिकाचे हे गणपुले घोंगड्यांचे व्यापारी बनून मुळशीला आले होते. धरणाच्या कामावरच्या खोपट्यांतून हिंडले, घोंगड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि बोलता बोलता बायकांना बोलतं केलं. तानूबाई बोलली. न बोलून करते काय? चुन्याच्या भट्टीवर राबणाऱ्या तिच्या नवऱ्याला, सावळाला, हिवताप भरला होता आणि त्याला चुन्याच्या जुन्या कोठीत नेऊन टाकलं होतं. आजारी माणूस दिसला की बाकीचे मजूर पळून जातात, म्हणून कंत्राटदार आजाऱ्यांना तिथं कोंडायचा. बाहेरून कडी. दिवसातून एकदा भाकरी-पाणी. आत कोणी मेलं तर नदीकडच्या झाडीत गुपचूप पुरायचं, घरच्यांना कळलं तर कळलं. एवढं सांगून ती वर म्हणाली होती, "आमचं मेंढरू आजारी पडलं तर आमी त्येला खांद्यावर घेतो. हितं मानसाला कोठीत टाकत्यात."

गणपुल्यांनी तिचं नाव छापलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. वाक्य मात्र जसंच्या तसं छापलं. पुण्यात त्या वाक्यानं म्हणे लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इथं त्यानं तानूबाईचं नाव न छापताच फुटलं. कारण साऱ्या कामावर धनगरांच्या बायका होत्या दोनच, ती आणि म्हातारी चिमाबाई. चराऊ रान धरणात गेलं तेव्हा मेंढरं विकून दोघींची घरं इथं चुन्यावर आली होती. चिमाबाईचा लेक म्हसूही कोठीतच होता.

मुकादम कुशाबा याच खोऱ्यातला. त्याचीही भातखाचरं धरणानं गिळली होती, पण तो रडत बसला नाही, ज्यांनी गिळली त्यांचाच मुकादम झाला. कारकुनानं पेपर वाचून दाखवला, मेंढराचं वाक्य आलं, आणि कुशाबानं पुढचं ऐकलंच नाही.

त्यानं मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तानूबाईला त्याचीच जास्त भीती वाटली. आदल्या दिवसापासून त्यानं कोठीकडे कोणाला फिरकू दिलं नव्हतं. सकाळी त्यानं दोघींना चुना मळायच्या घाणीमागं बोलावलं आणि कमरेची पिशवी सोडली. पिशवीत भंडारा होता.

भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. तो तळहातावर घेऊन धनगर खोटं बोलत नाही आणि दिलेला शब्द मोडत नाही. मोडला तर ज्याच्या जिवाची आण घेतली त्याला देव उचलतो. हे कुशाबाला पक्कं ठाऊक होतं. खोऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच.

"आज पुन्याहून सरकारी सायब येतोय, संगं डाक्तर हाय," तो म्हणाला. "कोठीत मानसं हायेत ह्ये त्येला कळता कामा न्हाई. तुमी गप ऱ्हायलात तर सांजच्याला गाडीत घालून दोगांस्नी तुमच्या वाडीवर पोचवतो. औषध बी देतो. बोललात तर कोठीची कडी परत निघायची न्हाई."

"त्यो बरा हाय न्हवं?" तानूबाईनं विचारलं.

"निजलाय. घे भंडारा. नवऱ्याच्या जिवाची आण घे."

चिमाबाईनं रडत रडत लेकाच्या जिवाची आण घेतली. मग तानूबाईनं हात पुढं केला. हळद बोटांतून खाली सांडत होती. "धन्याच्या जिवाची आण, मी बोलनार न्हाई," ती म्हणाली. म्हणताना तिला वाटलं, चला, वाचला. संध्याकाळी घरी येईल.

उन्हं चढल्यावर साहेब आला. मागं डॉक्टर होता, हसून हसून तोंड दुखलेला कंत्राटदार होता आणि काळा कोट घातलेले गणपुले होते. ते तानूबाईकडे बघत होते आणि ती जमिनीकडे बघत होती. आता हा माणूस माझ्याशी बोलला तर मी मेले, असं तिला झालं होतं.

कोठीशी आल्यावर साहेबानं विचारलं, "यात काय आहे?"

"कळीचा चुना," कंत्राटदार म्हणाला. "दार उघडलं की डोळे जातात, साहेब."

"लेखात लिहिलंय, आजाऱ्यांना कोंडलंय."

"या बायकांनाच विचारा ना."

चिमाबाईनं मान हलवली. कोणी नाही. साहेब तानूबाईकडे वळला. तिनंही मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, आण शाबूत होती. गणपुल्यांचा चेहरा पडला. साहेबानं रुमालानं मान पुसली आणि तो घोड्याकडे वळला.

तेवढ्यात तानूबाईला गाडी दिसली. आंब्याखाली बैल जुंपून उभी होती. हीच ती वाडीवर पोचवणारी गाडी. तिच्यात आजाऱ्याला निजवायला पेंढा नव्हता. पाण्याचा डेरा नव्हता. होती ती एक पहार आणि फावडी.

ही गाडी वाडीला जाणार नव्हती, नदीकडे जाणार होती. ती गप्प राहिली तर आतल्या सगळ्यांनाच त्या वाटेनं नेणार होते. आणि बोलली तर? तर बिरोबा सावळाला उचलणार, आणि उचलायला लावणारी ती स्वतः. तिनं देवाला मनातल्या मनात विनवलं, माझा जीव घे, त्याचा नको. पण आण तिच्या जिवाची नव्हतीच.

"सायब!" ती ओरडली. "त्यात मानसं हायेत!"

कुशाबा तिच्यावर धावला. गणपुले मध्ये पडले आणि डॉक्टरनं स्वतःच कडी काढली.

आत चुन्याची धूळ आणि घाण वास होता. अंधारात माणसं भिंतीला टेकून बसली होती, काही आडवी होती. म्हसू जिवंत होता; त्यानं उजेडाला डोळे मिटले आणि पाणी मागितलं. सावळा कोपऱ्यात होता. डॉक्टर त्याच्यापाशी वाकला, हात लावला आणि लगेच उठला.

तानूबाई उंबऱ्यातच थिजली. घेतला, ती मनात म्हणाली. बोलल्याबरोबर घेतला.

"कवा गेला?" तिनं विचारलं. तो आवाज तिचा तिला ओळखू आला नाही.

"काल दुपारीच गेलाय, बाई."

"आज न्हाई? आत्ता न्हाई?"

"नाही. काल."

ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली.

गणपुल्यांनी दुसरा लेख लिहिला तो त्यावर. तो पहिल्यापेक्षा गाजला. कंत्राटदाराचं काम गेलं, कुशाबा परागंदा झाला. कोठी पाडली, तिथं छपराचा का होईना दवाखाना उभा राहिला, आणि आजाऱ्यापाशी घरचं माणूस बसू द्यायचा हुकूम निघाला. आजारीपणाचा अर्धा रोजही मिळू लागला. लेखात लिहिलं होतं की पतीचं प्रेत पाहून त्या अभागी स्त्रीनं फोडलेला टाहो दगडालाही पाझर फोडील असा होता.

दवाखान्यात म्हसूच्या उशाशी बसून चिमाबाईनं ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि तानूबाईला सांगितलं.

"खरं हाय का गं त्ये?"

"रडले त्ये खरं हाय," तानूबाई म्हणाली. मग इकडेतिकडे बघून तिनं आवाज उतरवला. "पन आत्ती, डाक्तर त्यो आदल्या दिशीच मेला म्हनल्यावर मला बरं वाटलं. माज्या हातनं न्हाई मेला, म्हनून रडले मी. ह्ये त्या पेपरवाल्याला सांगू नगंस."