मागच्या चाकांवरची माझी जागा

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची गोण आहे. माझ्याजवळ सहसा कुणी बसत नाही, माझ्यावरच बसतात. तुम्ही मात्र जवळ बसा, कारण मला थोडं मन मोकळं करायचं आहे.

फाटक्या तंबूच्या जाड कापडातून मालकांनी मला शिवलं. ओढ्याची वाळू ठासून भरली आणि दुहेरी दोऱ्याने तोंड बंद केलं. मालक मधमाश्या पाळायचे. त्यांची पिकअप गाडी मागून फार हलकी होती. डोंगरावरच्या चिखलात तिची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. मग मालकांनी मला मागच्या हौद्यात, बरोबर चाकांच्या वर ठेवलं. माझा भार पडला आणि चाकांनी जमीन धरली. "हिच्यामुळे गाडी चढते बरं का!" असं मालकीणबाईंना सांगत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे मालक वारले, पण माझी जागा तीच राहिली. हौद्याच्या पत्र्यावर माझ्या आकाराचा डागच पडला होता.

आणि मग जावयाने नवे टायर आणले.

काळेभोर, खोल खोल खाचांचे. शेजारीपाजारी बघायला गोळा झाले. "किती देखणे आहेत!" लेक म्हणाली. टायर आणि देखणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी ऊनपाऊस सोसला, मला कधी कुणी देखणी म्हटलं? जावई रोज त्या टायरांना फडक्याने पुसायचा. माझ्या अंगावर मांजर नखं घासायचं, त्याला हाकलायलाही कुणाला सवड नव्हती.

एकदा मध काढून झाल्यावर माश्यांच्या पेट्या डोंगरावरच्या फुलोऱ्यात न्यायच्या होत्या. पेट्यांची दारं जाळीने बंद केलेली असतात. ऊन तापायच्या आत वर पोचून ती उघडावी लागतात, नाहीतर माश्या आत गुदमरून मरतात. पहाटे जावयाने टायरांत दगडासारखी टणक हवा भरली आणि मला उचललं.

"आई, असे टायर असताना हे ओझं कशाला?"

"अहो जावईबापू, राहू द्या. तुमच्या सासऱ्यांनी ठेवलीय ती."

"मग राहू दे की. पुढे ठेवतो, तुम्हाला पाय टेकायला होईल."

अशी मी पायपुसणं झाले, आणि मागचे ते दोन टायर माझ्या जागेखाली ऐटीत फिरू लागले.

चढाच्या वळणावर गाडी रुतली. जावयाने जोर लावला तशी चाकं नुसतीच फिरली आणि आणखी खोल गेली. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फिरा म्हटलं, अजून फिरा!

"टायर चांगले आहेत हो, आई. चिखलच वाईट आहे."

"चिखल दरवर्षी असाच असतो," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी एका पेटीला कान लावला. आतली गुणगुण आता कर्कश झाली होती आणि ऊन पत्र्यावर आलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. तो पाहून माझी हौस जागीच फिटली.

"आधी टायरांतली हवा कमी करा. जरा पसरले की जमीन जास्त धरतील."

जावयाने काडीने हवा सोडली. गाडी हलली, पण पुन्हा मागे घसरली. तेव्हा मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेट्या उघडायचा चाकू जावयाच्या हातात दिला.

"आई, ही बाबांनी शिवलेली ना?" तो थबकला.

"गाडी चढावी म्हणूनच शिवली होती. कापा."

मालकांचा दोरा तटकन तुटला. माझी वाळू ओंजळी ओंजळीने पडली. कुठे, तर त्याच टायरांच्या पायाशी! यापेक्षा मोठा अपमान मला माहीत नाही. पण चाकांनी पकड घेतली आणि गाडी वर निघाली.

वर दारं उघडली, माश्या भर्रकन बाहेर आल्या. मालकीणबाई दगडावर बसून पदराने डोळे पुसत हसल्या. जावयाने घरी फोन लावला, "टायरांनी काय पकड घेतली म्हणून सांगू!" मी रिकामी, घडी होऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानेच मला पुन्हा भरलं. टाके वेडेवाकडे घातले, पण घट्ट. मला हौद्यातल्या डागावर ठेवून त्याने विचारलं, "आई, बरोबर इथेच ना?"

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं हलवण्याआधी ते तिथे का ठेवलं होतं, एवढं कुणाला तरी विचारा.

आता ते वळण आलं की मी कान देऊन असते. खाली रस्त्यात माझी जुनी वाळू, वर हौद्यात मी आणि मधे ते टायर. गाडी झपकन चढते आणि बघणारे म्हणतात, "काय टायर आहेत!"

अजूनही जळते हो मी.