उकिरड्यावरचा बाप

थोरलीचं शिवणाचं दुकान होतं आणि घरामागच्या परसात बारा वर्षं जोपासलेली भोपळ्यांची हौस. राक्षसी भोपळ्यांची, चौघांनी मिळून उचलायच्या. शेजारच्या घरात राहणाऱ्या आणि पोस्टातल्या खिडकीवर बसणाऱ्या धाकट्या बहिणीला या हौसेचा वारा लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. असं असताना गावच्या भोपळ्यांच्या स्पर्धेतले जुनेजाणते माळीकाका, त्यांनी आपल्या विक्रमी भोपळ्याचं शेवटचं उरलेलं बी द्यावं कुणाला? धाकटीला. ती तर थोरलीबरोबर नुसती पिशवी धरायला गेली होती.

"हिच्या हाताला गुण आहे," माळीकाका म्हणाले.

थोरली हसली खरी, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. लहानपणापासून हेच. एकाच आईबापाच्या पोरी, पण दाट केस धाकटीला, गोड गळा धाकटीला, कुणाच्याही घरी गेलं की पहिली वाटी धाकटीला. आता बीसुद्धा. आणि बया इतकी साधी की तिच्यावर चिडायचीही सोय नाही.

धाकटीने ते बी लावलं आणि वेल असा सुटला की कुंपणाला भिडला. माळीकाकांनी सांगितल्याप्रमाणे तिने पेरापेरावर माती चढवली, म्हणजे तिथेही मुळं फुटून वेलाला जेवायला हजार तोंडं होतात. दुपारच्या उन्हात पानांवर जुनी चादर धरली. राहता राहिलं फूल. मोठ्या भोपळ्याचं फूल मधमाश्यांच्या भरवशावर सोडत नाहीत. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याला पातळ कापडाची पिशवी बांधायची आणि पहाटे हव्या त्या वेलाचं नर फूल आणून त्याच्यावर घासायचं. आई कोण, बाप कोण, सगळं ठरवून. त्या पिशव्या शिवल्या होत्या थोरलीने, नाड्यांसकट.

"ताई, उद्या माझी सकाळची पाळी आहे गं," धाकटी कुंपणावरून म्हणाली. "एवढं फूल जोडशील? नर फुलं पायरीवर पेल्यात ठेवते. तुझा हात हलका आहे."

पहाटे थोरली गेली. पेल्यात निवडक नर फुलं, पाकळ्या रबराने मिटवून ठेवली होती. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या उकिरड्याकडे पाहिलं. तिथे भाजीच्या लाल भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला होता, नारळाएवढी फळं धरणारा. थोरलीने त्याचं नर फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या, धाकटीच्या फुलावर नीट फिरवलं आणि पिशवी पुन्हा घट्ट बांधली. पेल्यातली फुलं उकिरड्यात गेली. खाण तशी माती. होऊ दे आता नारळाएवढा, आणि बघू दे माळीकाकांना हाताचा गुण.

दर रविवारी माप घ्यायला धाकटी तिलाच बोलवायची, कारण टेप तिचा आणि नजर शिंप्याची. पहिल्या रविवारी फळ चेंडूएवढं होतं. दुसऱ्या रविवारी घागरीएवढं. थोरली मनाशी म्हणाली, आता थांबेल. तिसऱ्या रविवारी टेप पुरला नाही, दुसरा जोडावा लागला. धाकटी टाळ्या पिटत होती आणि थोरली गुडघ्यावर बसून, गाल त्या थंडगार सालीला टेकवून, पलीकडून टेपचं टोक ओढत मनात म्हणत होती, थांब ना मेल्या, थांब. तो काही थांबेना.

या जळफळाटात तिने स्वतःच्या वेलाला पाणी आणि खत इतकं पाजलं की तिचा भोपळा आतून फुगला आणि एका सकाळी सालीला हातभर चीर पडली. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, हिचा खराखुरा फुटला.

वजनाच्या दिवशी मैदानावर माळीकाकाच पंच होते. धाकटीचा भोपळा काट्यावर चढला आणि पहिला आला. थोरलीला राहवलं नाही. तिने काकांना बाजूला घेऊन उगाच विचारल्यासारखं विचारलं, "काका, समजा हलक्या वेलाचा नर पडला असता, तर फळ लहान राहिलं असतं ना?"

"छे! फळ आईच्या अंगावर पोसतं. ती जेवढी दणकट, तेवढं ते मोठं. बापाचा गुण उतरतो बियांत, तो दिसतो पुढच्या वर्षी."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात धाकटी सगळ्यांसमोर सांगत होती, "जोडलं माझ्या ताईने, स्वतःच्या हाताने!" लोक थोरलीचं अभिनंदन करू लागले. तिने मान खाली घालून ते घेतलं.

भोपळा कापल्यावर दहाजणांनी बी मागितलं. धाकटीने एकालाही दिलं नाही. धुऊन वाळवलेलं सगळं बी तिने थोरलीच्या मशीनवर आणून ठेवलं.

"हे तुझं. बारा वर्षं खपतेस तू. पुढच्या साली तू जिंकायचं, मी लावणारच नाही."

बी अंगठ्याच्या नखाहून मोठं होतं, पांढरंशुभ्र, टणक. वरचं टरफलही आईचंच असतं म्हणे, त्यामुळे बघून कुणाला काही कळायचं नाही. ज्या बियांसाठी थोरलीचा जीव जळला होता, त्या ओंजळभर समोर पडल्या होत्या. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. तिने घेतल्या. आणि त्यातही तिला वाटून गेलं, देण्याचं पुण्यसुद्धा हिलाच!

पुढच्या साली धाकटीने स्वतःचं परस रिकामं ठेवलं आणि बहिणीकडे राबली. खड्डा खणला, शेणखत वाहिलं, वेल मातीखाली दाबले, जुनी चादरही इकडेच आणली. थोरली मनात म्हणत होती, कुणी सांगावं, एखादं बी आईवर गेलेलं निघेल. फळं धरली. नारळाहून थोडी मोठी झाली आणि थांबली.

त्या रविवारी धाकटीने टेप फळाभोवती फिरवला. अर्धा टेप तसाच लोंबत राहिला. तिने तो पुन्हा फिरवून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"ताई, माझंच बी खोटं निघालं गं. तुझं अख्खं वर्ष मी फुकट घालवलं. माफ कर मला."

माफीसुद्धा हीच मागणार! थोरलीला ते सहन झालं नाही.

"गप बस," ती ओरडली. "बी तुझं चांगलंच होतं. मीच त्या पहाटे उकिरड्यावरच्या वेलाचा नर घासला. तुझं फळ चिमणं राहावं म्हणून. ऐकलंस? जळत होते मी तुझ्यावर."

धाकटीने त्या लहानशा भोपळ्याभोवतीचा टेप सोडवला. मग हळू आवाजात तिने विचारलं, "आणि दर रविवारी माप घ्यायला यायचीस ते?"

"थांबलं का, ते बघायला."

"मला वाटायचं, माझ्यासाठी येतेस."

तिने टेप नीट गुंडाळला, थोरलीच्या हातात ठेवला, आपली चादर वेलावरून ओढून घेतली आणि कुंपणाचं दार लावून घरी गेली.

पुढच्या रविवारी थोरली टेप गळ्यात घालून परसात उभी राहिली. कुंपणापलीकडून हाक आली नाही.