तिसऱ्या खणातली नऊ खोकी

मी गोदामातील शिडी बोलते आहे. 'शिडी' हा शब्द वाचून आपण मान वर केली असेल, तर कृपया ती खाली आणावी. मला तीनच पायऱ्या आहेत. उंच होण्याची माझी महत्त्वाकांक्षा सुताराच्या दुकानातच संपली, कारण त्याच्याजवळ तेवढेच लाकूड उरले होते.

हे गोदाम रुग्णालयांना लागणाऱ्या वस्तूंचे आहे. येथील प्रत्येक मांडणीला तीन खण असून सर्वांत वरच्या खणापर्यंत कोणाचाही हात पोहोचत नाही. यावर भांडारपालांनी, म्हणजे सर्वांच्या अण्णांनी, एक उपाय शोधला होता. ते खालूनच बोट हवेत नाचवीत मोजत असत. पुढे आठ खोकी, मागे तीन रांगा, म्हणजे चोवीस. त्यामुळे माझी पहिली काही वर्षे दाराआड, कोळ्याच्या जाळ्याला आधार देण्यात गेली. तेही काम मी मनापासून केले.

मग ती आली. नोंदी ठेवणारी कारकून म्हणून तिची नेमणूक झाली होती. ती एवढी ठेंगणी होती की दुसऱ्या खणासाठीही तिला टाचा उंचवाव्या लागत.

"अण्णा, मागे खोकी आहेत कशावरून?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारले.

"पुढे आहेत म्हणजे मागे असणारच. एवढी वर्षं काय मी डोळे मिटून मोजतोय?"

"डोळे उघडेच आहेत हो, पण ते पुठ्ठ्याच्या आरपार जात नाहीत ना."

तिने मला दाराआडून ओढून काढले आणि ती वर चढली. मी करकरले. या करकरण्यालाच मी पुढे कित्येक वर्षे 'मार्गदर्शन' समजत आले. चोवीसऐवजी सतरा खोकी निघाली. त्या दिवसापासून तिचा नियम ठरला: हात लावल्याशिवाय मोजायचे नाही.

तिचा नवरा एकदा तिला न्यायला आला. तिला तिसऱ्या पायरीवर पाहून तो म्हणाला, "घरी माळ्यावरचा डबा काढायला मला झोपेतून उठवतेस, आणि इथे?"

"त्या डब्यावाचून कुणाचं अडत नाही," ती वरूनच म्हणाली.

ती पर्यवेक्षक झाली, मग खरेदीप्रमुख झाली आणि अखेर पाच गोदामांची पुरवठाप्रमुख झाली. प्रत्येक बढतीच्या वेळी मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारला. तिला वर चढवले कोणी? मीच. तिच्या काचेच्या खोलीत मला मानाची जागा मिळेल, अशी माझी खात्री होती. मला जागा मिळाली ती चहाच्या खोलीत. तेथील दार वाऱ्याने आपटत असे, म्हणून मला त्याला लावून ठेवले होते.

तीही बदलली होती. संगणकाच्या पडद्यावरचे आकडे पाहून ती पाचही गोदामे चालवीत असे. एकदा वरिष्ठ पाहणीला येणार होते, तेव्हा तिने फर्मान काढले: 'प्रत्येक खणाची पुढची रांग भरलेली दिसली पाहिजे.' लोकांनी ते तंतोतंत पाळले. माल मागून काढायचा आणि पुढची रांग हलवायची नाही. गोदाम फार देखणे दिसू लागले. मोजणी पुन्हा खालून होऊ लागली आणि मी दार धरून उभी राहिले.

एका दुपारी रुग्णालयातील मुख्य परिचारिकेचा फोन आला. डायलिसिसच्या नळ्यांची वीस खोकी तातडीने हवी होती. पडद्यावर चोवीस दिसत होती, म्हणून तिने शब्द दिला. गाडी लागली, तेव्हा अण्णा काचेच्या खोलीत आले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, जरा खाली येता का?"

तिने स्वतः मला चहाच्या खोलीतून उचलून आणले. चढताना तिला धाप लागली; करकरायचे मात्र मी विसरले नाही. पुढच्या रांगेत आठ खोकी होती. तिने एकेक बाजूला सरकवून आत हात घातला. मागे सगळे मिळून एकच होते. बाकी सगळीकडे तिचा हात थेट भिंतीला लागला.

"नऊ पाठवू," अण्णा हळूच म्हणाले. "बाकीच्यांची गाडी वाटेत अडकली म्हणून सांगू. सगळेच सांगतात."

ती माझ्या दुसऱ्या पायरीवर बसली आणि तिने मुख्य परिचारिकेला फोन लावला. "बाई, वीस खोकी नाहीत. गाडी अडकलेली नाही, मालच नाही. पुढची रांग भरलेली ठेवा, हा हुकूम माझा होता. त्या रांगेला मीच फसले."

पलीकडून लगेच प्रश्न आला. "मग किती आहेत?"

"नऊ. हात लावून मोजली आहेत."

"उद्या रात्रीपर्यंत पुरतील. परवाच्या रुग्णांची सोय मी आत्ताच दुसऱ्या रुग्णालयात करते." मग तो आवाज कोरडा झाला. "गाडी अडकली म्हणाला असतात ना, तर मी परवा सकाळपर्यंत गाडीचीच वाट पाहिली असती. आणि रुग्ण खुर्चीत बसून राहिले असते."

फोन ठेवून ती पुन्हा वर चढली आणि नऊ खोकी एकेक करून अण्णांच्या हातात देऊ लागली. त्या क्षणी मला प्रथमच उमगले की मी तिला कधीच वर चढवले नव्हते. मी केवळ पायाखाली होते. चढत ती होती. आणि चढायचे तिने सोडले, तेव्हा मी दाराशी उभी राहून स्वतःचे कौतुक करीत होते.

ते फर्मान तिने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने फाडले. आता दर सोमवारी पाचांपैकी एका गोदामात ती स्वतः वरच्या खणात हात घालते. अण्णाही चढतात, गुडघ्यांच्या नावाने बोटे मोडतात, पण चढतात.

माझी मधली पायरी मात्र तडकली आहे. 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी डकवून मला भिंतीशी उभे केले आहे. शेजारी ॲल्युमिनियमची नवी शिडी आली आहे. ती करकरत नाही, म्हणजे तिला मार्गदर्शनाची कला अवगत नसावी.

आपल्याला एवढीच विनंती आहे. एखादी रांग फारच भरलेली दिसली, तर वर चढून तिच्या मागे हात घाला. चढा मात्र नव्या शिडीवरून. माझ्यावर चढलात, तर खोक्यांआधी आपल्यालाच उचलावे लागेल.